ही नळी आज कशासाठी?

सुलोचनाताई गेल्याची बातमी माझ्यापर्यंत एका प्रश्नाला चिकटून आली. सकाळी आठच्या सुमाराला नांदेडहून तिच्या सुनेचा, कविताचा फोन आला. मी लातुरात, माझ्या स्वयंपाकघरात, हाताला कणीक लागलेली. "मावशी, आई गेल्या," ती म्हणाली, आणि मी तोंड उघडायच्या आत, "लघवीची नळी तशीच हाय. आता आंघोळ घालायची. कशी काढू?" प्रश्न माझ्यातल्या नर्सला विचारलेला होता, त्यामुळं उत्तर रडण्याच्या आधी बाहेर पडलं. सांगितलं, नळीच्या बाहेरच्या टोकाला दोन फाटे आहेत, त्यातला पिशवीला न जोडलेला फाटा बघ. सुई काढलेली सिरिंज त्याला लाव आणि आतलं पाणी ओढून घे. आत एक छोटा फुगा असतो, त्या पाण्यानं फुगलेला असतो, म्हणून नळी निसटत नाही. सगळं पाणी आलं की मग हलक्या हातानं काढ, ओढू नकोस... तिनं फोन बाजूला ठेवला. बायकांचे आवाज आले, बादलीचा आवाज आला, मग ती म्हणाली, "निघाली." मी म्हणाले, "बरं." वीस-बावीस वर्षं जिच्या शेजारी उभं राहून काम केलं, तिच्या मरणावर माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो हा. फोन ठेवल्यावर मी कणीक मळून पूर्ण केली, पोळ्या केल्या, आणि मग खाली बसले.

याला आता दोन महिने होत आले. ताईबद्दल लिही, असं बरेच जण म्हणाले. लिहिताना मला एक गोष्ट गाळायची इच्छा होते आहे, म्हणूनच ती लिहिणार आहे. पण ती शेवटी येईल. आधी ताई कोण होती ते सांगते.

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमाराला मी नर्सिंगचं शिक्षण संपवून एका धर्मादाय दवाखान्यात लागले. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, आता तो राहिलाही नाही. आमचं घर लिंगायतांचं, बाजारात कापडाचं दुकान, आणि त्या घरातल्या मुलीनं परक्यांची लघवी-परसाकडं उपसायची म्हणजे घरच्यांच्या दृष्टीनं मी नाकच कापलं होतं. मी हट्टी होते आणि तोंडाळही, दोन्ही अजून आहे. सुलोचनाताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, बायकांच्या वॉर्डाची इन्चार्ज. गाव हदगावच्या पलीकडं, बौद्ध घर, शिकलेली अशी त्या घरातली ती पहिली. काळीसावळी, उंच, आवाज असा की वॉर्डाच्या एका टोकाला बोलली तर दुसऱ्या टोकाचा पेशंट उठून बसायचा. दवाखान्यानं आम्हा दोघींना मिळून एक खोली दिली होती. माझी आई एकदा भर उन्हात मला भेटायला आली, तेव्हा खोलीत पाणी होतं ते फक्त ताईच्या घागरीत. आई त्या घागरीकडं बघत बराच वेळ बसली. ताईनं तांब्या भरून समोर ठेवला आणि ड्यूटीवर निघून गेली. आई ते पाणी प्याली. दुष्काळानं आमच्यावर केलेला तेवढा एकच उपकार.

बाकी दुष्काळानं छळलंच. जिल्हा झाला म्हणून गावात गुलाल उधळला होता, आणि एक-दोन वर्षांत तो गुलाल अंगावरून धुवायलाही पाणी राहिलं नाही. नवी ऑफिसं येत होती, नव्या पाट्या लागत होत्या, कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या गोडाऊनमध्ये साहेब लोक बसत होते, आणि आमच्या दवाखान्याच्या विहिरीत दोर सोडला की बादली तळाला खडखडायची. टँकर यायचा तो दोन दिवसांआड, कधी तीन. जे पाणी यायचं ते ऑपरेशन थिएटरला, मग हत्यारं उकळायला, मग प्यायला. संडासाला कुलूप लागलं. बायकांनी जायचं कुठं, तर कंपाउंडच्या मागं वेड्या बाभळीत. तिथंच पलीकडं नव्या कॉलनीचं बांधकाम चाललेलं, गवंडी आणि बिगारी दिवसभर वर चढलेले. ज्यांच्या पोटाला ताजे टाके आहेत अशा बायका भिंतीला धरून धरून तिकडं जायच्या, आणि परत येऊन खाटेवर पडल्या की चेहरे पांढरेफटक. एक तर वाटेतच बसली. तिला मी आणि ताईनं उचलून आणलं.

त्या दिवशी ताई चिडली. म्हणाली, "माझ्या वॉर्डातली टाके असलेली बाई बाभळीत जाणार न्हाई. बस." ऑपरेशनच्या वेळी घातलेली नळी एरवी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढायची असते. ती आता घरी जाईपर्यंत ठेवायची, असं तिनं ठरवलं. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "सिस्टर, तुम्ही बघा काय ते." त्यांनाही थिएटरपुरतं पाणी मिळवायची मारामार होती. बायका खूश झाल्या. नातेवाईक हात जोडायला लागले. मीसुद्धा मनात म्हटलं, काय डोकं चालवलं हिनं! तेव्हा आतासारख्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आमच्याकडं नव्हत्या. सलाइनची रिकामी काचेची बाटली उकळून घ्यायची, तिच्यात नळीचं टोक सोडायचं आणि बाटली सुतळीनं खाटेच्या पायाला बांधायची. सोळा खाटा, त्यांतल्या नऊ-दहा खाटांच्या पायांना अशा बाटल्या. बाई उतरली तरी खाटेपासून हातभर. त्यापुढं नळी जाऊ द्यायची नाही.

रुक्मिणबाई चाकूरकडच्या एका खेड्यातली. गर्भाशय काढलेलं. बारीक, चुणचुणीत बाई, सारखी हालचाल करायची सवय. तिसऱ्या दिवशीच ती म्हणाली, "बाई, मला आता बरं हाय. ही नळी कधी काढता?" ताई म्हणाली, "टँकर आला की काढते." टँकर आला, पण पाणी थिएटरला गेलं. चौथ्या दिवशी रुक्मिणबाईनं पुन्हा विचारलं. पाचव्या दिवशी माझ्याजवळ बोलली, "बाई, दाव्याला बांधलेल्या जनावरावानी झालंय बघा. जनावर तरी दावं तोडून पळतंय." मी हसले. खरंच हसले, ते मला नीट आठवतं. म्हटलं, "पळून जाणार कुठं, बाभळीत?" तीही हसली. तिच्या बाटलीतली लघवी चहासारखी झाली होती. ताई सगळ्यांना पाणी प्या, पाणी प्या म्हणून ओरडायची, पण घरचे दोन कोसांवरून कळशी आणायचे आणि या बायका त्यातलं अर्धं त्यांच्यासाठीच शिल्लक ठेवायच्या.

सातव्या दिवशी दुपारी रुक्मिणबाईला हुडहुडी भरली. एवढ्या उन्हाळ्यात ती तीन घोंगड्यांखाली थडथड उडत होती. नळीवाटे जंतू वर चढले होते. इंजेक्शनं दिली, त्या काळी होती ती सगळी दिली... नवव्या दिवशी ती गेली. नळी ताईनं काढली. काढून ती कितीतरी वेळ हातातल्या नळीकडं बघत उभी होती. मी म्हटलं, ताई, ठेव ती. तेव्हा ठेवली.

रुक्मिणबाईचा नवरा बाहेर लिंबाखाली बसला होता. ताई सरळ त्याच्याकडं गेली. मला अंदाज आला म्हणून मी मागं धावले, तिचा पदर ओढला, कारण नोकरी जाईल एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिनं पदर सोडवून घेतला आणि त्याला म्हणाली, "दादा, नळी येळंवर काढली असती तर ताप आला नसता. चूक माझी हाय." तो उठून उभा राहिला. त्यानं हात जोडले. म्हणाला, "बाई, असं बोलू नका. तुमी तिची लाज राखली. ह्या अवस्थेत तिला बाभळीत धाडलं न्हाई. लई उपकार झाले." ताई पुन्हा सांगायला लागली, तर त्यानं तिच्या पायाला हात लावला. तिथून ती खोलीवर आली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. तशीच म्हणाली, "गिरजे, त्यानं शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते."

मी तिला नाना तऱ्हांनी समजावलं. विहीर कोरडी होती हा काय तुझा दोष? डॉक्टरांनी लक्ष दिलं नाही, मी नाही दिलं, मग तू एकटी का बसतेस अशी? तिनं ऐकून घेतलं आणि एकच उत्तर दिलं. "पाणी नव्हतं म्हणून नळी ठेवली, ते खरं. पर चौथ्या दिवशी ती बाई नळी काढा म्हणून राहिली होती, आणि मी विचारच केला न्हाई. नळीनं सगळ्यांचीच सोय होऊन राहिली होती. तिची सोडून."  वादात मी सहसा हार मानत नाही, त्या दिवशी मानली.

दुसऱ्या दिवसापासून तिचा तो प्रश्न सुरू झाला. सकाळी ड्यूटीवर आली की ज्या ज्या खाटेला नळी असेल तिथं थांबायचं, नाकातली असो, लघवीची असो, पोटातून काढलेली असो, आणि समोर जो कोणी असेल त्याला विचारायचं, "ही नळी आज कशासाठी?" यातला 'आज' महत्त्वाचा. काल कशासाठी घातली ते तिला नको असायचं. मी असो, शिकाऊ नर्स असो, मोठे डॉक्टर असोत, एका वाक्यात उत्तर द्यायचं. घोट उतरत नाही, लघवी तुंबते, ऑपरेशनला एकच दिवस झालाय. असं काही असेल तर पुढं. आणि "असू द्या, बरं पडतं" असं कोणी म्हटलं की तिचा हात सिरिंजकडं गेलाच. बाभळीत जाणं तिनं दुसऱ्या मार्गानं बंद केलं. वॉर्डाच्या मागं तरटांचा आडोसा उभा केला, आत वाळूचे डबे ठेवले आणि टाकेवाल्या बायकांना आम्ही दोघी धरून न्यायचो. माझी कंबर तेव्हा जी गेली ती गेली. शिकाऊ मुली तिला पाठीमागं 'नळीबाई' म्हणायच्या. एक डॉक्टर तर गळ्यातला स्टेथोस्कोप मुठीत धरून तिच्यापुढून जायचे, "सिस्टर, ही माझी नळी कामाची आहे हो!" ती हसायची, पण हसता हसता पुढच्या खाटेला प्रश्न विचारायची. पुढं पाऊस झाला, नळ आले, संडास उघडले, दवाखाना वाढला, नव्या पिशव्या आल्या, पण प्रश्न थांबला नाही. रिटायर होण्याच्या दिवशीसुद्धा हारतुरे स्वीकारायच्या आधी ती वॉर्डात चक्कर मारून आली, आणि एकीची नळी काढूनच हॉलमध्ये शिरली.

रिटायर झाल्यावर ती नांदेडला मुलाकडं गेली. मिलिंद भोकरला शाळेत शिक्षक, रोज जाऊन-येऊन करणारा. नवरा आधीच गेलेला. घरात दिवसभर ती आणि कविता. आमचे फोन व्हायचे. ती मला गुडघ्यांचे व्यायाम सांगायची आणि मी ते केल्याचं खोटं सांगायचे. मग मागच्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. फोनवर कविता म्हणायची, "आई ऐकून राहिल्या हायत, बोला तुम्ही," आणि मी मोकळ्या भिंतीशी बोलल्यासारखं काहीतरी बोलून फोन ठेवायचे. भेटायला जाते, जाते म्हणत आठ महिने काढले. खरं सांगायचं तर भीती वाटत होती. आयुष्यभर माणसं खाटेवर बघितली, पण तिला खाटेवर बघायचं नव्हतं.

शेवटी एका मंगळवारी सकाळच्या बसनं गेले. मधल्या खोलीत लोखंडी खाट, तिच्यावर ताई. एवढी उंच बाई, खाटेत मावेना अशी होती, आणि आता पायाशी खाट रिकामी राहिलेली वाटत होती. नाकात नळी. खाटेच्या कडेला लघवीची पिशवी. डावा हात चांगला होता, पण तो मऊ फडक्यानं खाटेच्या दांडीला बांधलेला. कविता लगेच म्हणाली, "सारखा नळीकडं जातो हात. ओढतात. रक्त येतं मग. म्हणून बांधते, मावशी." तिनं फडकं सोडलं. ताईनं माझा हात धरला, घट्ट. मग सोडला, आणि तो हात खाली सरकत सरकत मांडीवरच्या त्या नळीवर गेला. ओढली नाही तिनं. नुसतं बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. मला कळलं. तिला बोलता येत नव्हतं, आणि तिचा प्रश्न विचारू शकेल असं त्या खोलीत मीच एक माणूस होते.

मी विचारला. तिच्याच आवाजात विचारायचा प्रयत्न केला. "कविता, ही नळी आज कशासाठी?" नाकातलीचं उत्तर मला दिसत होतं, घोट उतरत नव्हता. पण खालच्या नळीला काही कारण नव्हतं. दवाखान्यातून येताना होती, तशीच राहिली होती, तीन आठवड्यांनी बदलली जायची एवढंच. कवितानं पदराला हात पुसले. रागावली नाही, अगदी सरळ बोलली. "नळी नसली तर दर दोन-तीन तासाला उचलावं लागतं, मावशी. न्हाई तर अंथरूण भिजतं, पाठीला जखम होते. हे सात वाजता जातात, संध्याकाळी येतात. मी एकटी. बाई ठेवून बघितली, दोन राहिल्या न्हाईत." आणि मग म्हणाली, "तुम्ही राहता का? राहत असाल तर आत्ता काढू. मलाबी कुठं आवडतं हात बांधायला!"

ताई माझ्याकडं बघत होती. मी घड्याळाकडं बघितलं. घरी यांची शुगर, माझे गुडघे, गॅस बुक केलेला, असं एकामागून एक सांगत गेले. सगळं खरं होतं. आमचा मुलगा वरच्याच मजल्यावर राहतो, तो यांना चार-आठ दिवस सहज बघू शकला असता, हेही खरं होतं, ते मी सांगितलं नाही. पुन्हा कुणाच्या काखेत हात घालून कुणाला उचलायचं, त्या वासात राहायचं, त्या खोलीत दिवस मोजायचे... एकदा शिरले तर निघता येणार नाही असं वाटलं. कविता त्या खोलीत आठ महिने होती, आणि मला आठ दिवसांची धडकी भरली. ताईनं डाव्या हातानं, जा, अशी खूण केली. कवितानं चहा केला. मी तो प्यायले आणि साडेतीनच्या बसनं निघाले. जाताना दारातून वळून बघितलं, तेव्हा कविता फडकं पुन्हा बांधत होती. त्यानंतर दीड महिन्यानं तो सकाळचा फोन आला.

ताईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेले. दारापुढं मांडव, भाड्याच्या खुर्च्या, त्रिसरण-पंचशील झालं, मग माणसं बोलायला उभी राहिली. मलाही बोलायला लावलं. मी दुष्काळ सांगितला, रुक्मिणबाई सांगितली, तिचा प्रश्न सांगितला. बायकांनी डोळे पुसले, एका तरुण डॉक्टरनं येऊन नमस्कार केला. साडेतीनची बस सांगितली नाही. मग गुडघे दुखायला लागले म्हणून आत गेले. मधल्या खोलीतली खाट उचलून नेली होती. कोपऱ्यात एक प्लॅस्टिकची खुर्ची होती, चादर टाकलेली. बसायला म्हणून मी ती ओढली, तर कविता मागून म्हणाली, "तिच्यावर नका बसू, मावशी." तिनं चादर काढली. बैठकीला मधोमध गोल भोक पाडलेलं होतं, आणि त्याच्या कडेनं जुन्या साडीची पट्टी गुंडाळून शिवलेली, टोचू नये म्हणून.

"तुम्ही येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या आठवड्यात," ती हळू आवाजात सांगायला लागली. "सुताराकडून भोक पाडून आणलं. दवाखान्यातल्या शिस्टरला बोलावून नळी काढून घेतली. ह्यांना सांगितलं न्हाई, ते नकोच म्हणाले असते. दोन दिवस जमलं, मावशी. उठवायचं, खांद्यावर घ्यायचं, बसवायचं. पहिल्यांदा खुर्चीत झालं तवा आईंनी माझा गाल धरला. हात मोकळा होता ना." मी विचारलं, मग? "तिसऱ्या दिवशी सकाळी मला वाकताच येईना. भिंतीला धरून उभी राहिले. आई बघून राहिल्या होत्या. त्यांनीच बोट केलं कपाटाकडं. वर नवी नळी ठेवलेली होती, पाकिटातली. मी न्हाई म्हणाले. त्यांनी परत बोट केलं. तीनदा. मग शिस्टरला परत बोलावलं." तिनं हातातली चादर झटकली. मग म्हणाली, "दुसरी बाई असती धरायला, तर झालं असतं." टोमणा नव्हता. तिनं फक्त कामाचा हिशोब सांगितला, आणि पाहुणे आत यायला लागले म्हणून खुर्चीवर चादर घातली.

म्हणजे शेवटी त्या नळीला कारण होतं. दुसरी बाई नव्हती म्हणून ती नळी होती. आणि ती दुसरी बाई आली होती, तिनं प्रश्न विचारला होता, चहा घेतला होता, आणि साडेतीनच्या बसनं परत गेली होती.